प्रवाशाची बाटली आणि राज्याची जकात : इंग्लिश खाडीवरील वाइन-शुल्काचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

परदेशात सुट्टी घालवून मायदेशी परतणाऱ्या प्रवाशाच्या सामानात वाइनच्या दोन-चार बाटल्या असणे ही युरोपात अगदी सामान्य बाब आहे. प्रवाशाच्या लेखी ती सहलीची आठवण किंवा आप्तांसाठी आणलेली भेट असते. सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या लेखी मात्र ती मालाची आयातच असते. या दोन दृष्टींतील अंतर मिटविण्यासाठी बहुतेक राज्यांनी प्रवाशाला काही मर्यादेपर्यंत शुल्कमाफी दिली आहे. ही माफी वरवर पाहता किरकोळ सवलत वाटते आणि आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत तिला क्वचितच स्थान मिळते. तथापि कितव्या बाटलीपर्यंत माणूस प्रवासी असतो आणि कितव्या बाटलीपासून तो व्यापारी ठरतो, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न किरकोळ नाही. राज्याचा महसूल, देशी उत्पादकांचे हितसंबंध आणि सामान्य नागरिकाची प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील इंग्लिश खाडीइतके उपयुक्त दुसरे क्षेत्र सापडणे कठीण आहे. डोव्हरच्या सामुद्रधुनीत दोन्ही किनाऱ्यांमधील अंतर अवघे ३३ किलोमीटर आहे. एका तीरावर वाइन हे शेतीचे उत्पादन आणि रोजच्या जेवणाचा भाग आहे. दुसऱ्या तीरावर ती शतकानुशतके प्रामुख्याने आयात केलेली, म्हणूनच कर बसविण्यास सोयीची वस्तू राहिली आहे. प्रस्तुत लेखात या खाडीवरील वाइन-शुल्काच्या इतिहासाचा परामर्श घेऊन दोन गोष्टी दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. पहिली, तस्करीला मिळणारी चालना ही मुख्यतः दोन तीरांवरील करांच्या तफावतीतून येते. दुसरी, प्रवाशाची मर्यादा संख्येने ठरविली तर कायदा निश्चित पण कठोर होतो आणि हेतूने ठरविली तर तो न्याय्य पण संशयग्रस्त होतो.

१. राजाचा हिस्सा

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वाइनवरील कर हा आरंभी पैशाच्या नव्हे, तर वस्तूच्या रूपात घेतला जात असे. ‘प्रायझेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरागत हक्कानुसार दहा ते वीस पिंपे घेऊन येणाऱ्या जहाजातून राजा एक पिंप आणि त्याहून मोठ्या जहाजातून दोन पिंपे घेत असे. १३०३ च्या ‘कार्टा मर्काटोरिया’ या सनदेने परदेशी व्यापाऱ्यांना या हक्कातून सूट मिळाली आणि त्याऐवजी दर पिंपामागे दोन शिलिंग भरण्याची व्यवस्था लागू झाली. वस्तुरूप कराचे रोख शुल्कात झालेले हे रूपांतर महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे कर मोजता येऊ लागला आणि मोजता येणारा कर चुकविताही येऊ लागला.

या काळात इंग्लंडमध्ये येणारी बरीचशी वाइन ही एका अर्थाने राजाच्याच मुलखातून येत होती. ११५२ मध्ये अॅक्विटेनच्या एलिनॉरचा विवाह पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी झाला आणि बोर्दो परिसर इंग्लिश राजसत्तेशी जोडला गेला. हा संबंध १४५३ पर्यंत टिकला. राजदरबारात वाइन हे वेतनाचेही साधन होते. कवी जेफ्री चॉसर हा वाइन व्यापाऱ्याचा मुलगा. १३७४ मध्ये राजा तिसरा एडवर्ड याने त्याला रोज एक गॅलन वाइन देण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी त्याची लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचा नियंत्रक म्हणून नेमणूक झाली. वाइन आणि जकात यांचे नाते एकाच माणसाच्या आयुष्यात असे एकत्र आलेले दिसते.

२. शुल्क हे राजकारणाचे शस्त्र

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाइनवरील शुल्क हे महसुलाबरोबर परराष्ट्रीय धोरणाचेही साधन बनले. १६७८ ते १६८५ या काळात इंग्लंडने फ्रेंच मालाच्या आयातीवर बंदी घातली. या वर्षांत बंदरांच्या नोंदवह्यांत पोर्तुगीज वाइनची आयात अचानक वाढलेली दिसते. त्यातील बराच भाग प्रत्यक्षात फ्रेंच वाइनचा असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजेच बंदीमुळे पिणाऱ्याची आवड बदलली नाही, कागदावरील नाव तेवढे बदलले.

२७ डिसेंबर १७०३ रोजी झालेल्या मेथ्युएन तहाने ही विषमता दीर्घकाळ पक्की केली. पोर्तुगालने इंग्लिश लोकरी कापड आपल्या बाजारात येऊ द्यावे आणि त्या बदल्यात पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक-तृतीयांश कमी शुल्क घ्यावे, असे या तहाने ठरले. इंग्लिश मध्यमवर्गाच्या मेजावर ‘पोर्ट’ या वाइनने जे स्थान मिळविले, त्यामागे रुचीइतकाच शुल्काच्या दराचाही वाटा होता. समाजाच्या सवयी करप्रणालीने कशा घडविल्या जातात, याचे हे ठळक उदाहरण होय.

या व्यवस्थेतील विसंगती सर्वोच्च पातळीवरही दिसून येते. पुढे पंतप्रधानपदी पोहोचलेल्या रॉबर्ट वॉल्पोलने नौदल खात्यात असताना चोरट्या मार्गाने आलेली वाइन खात्याच्या नौकेतून टेम्सवरून आणविली होती, असे त्याचे चरित्रकार जे. एच. प्लम यांनी नमूद केले आहे. त्याच वॉल्पोलने १७३३ मध्ये वाइन व तंबाखूवरील कर बंदरावर न घेता माल गोदामातून बाहेर पडताना अबकारी कर म्हणून वसूल करण्याची योजना मांडली. महसुलाच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती. परंतु अबकारी अधिकाऱ्यांना दुकाने व घरे तपासण्याचा अधिकार मिळेल, या भीतीने देशभर विरोध उसळला आणि योजना मागे घ्यावी लागली. विरोध कराच्या रकमेला नव्हता. अधिकाऱ्याने उंबरठा ओलांडण्याला होता. हा मुद्दा पुढील विवेचनात पुन्हा उपस्थित होतो.

३. अॅडम स्मिथचे रुमाल

अठराव्या शतकात केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यांवर वाइन, ब्रँडी, चहा व रेशीम यांची चोरटी आयात हा स्थानिक अर्थव्यवस्थेचा भागच बनला होता. अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात तस्कराविषयी केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. तस्कर कायद्यापुढे दोषी असला तरी नैसर्गिक न्यायाच्या दृष्टीने तो बहुधा दुर्जन नसतो आणि अनाठायी कायद्यांनीच त्याला गुन्हेगार बनविलेले असते, असा त्याचा आशय आहे. अतिरिक्त शुल्कामुळे महसूल वाढण्याऐवजी घटतो, हेही त्याने आवर्जून सांगितले.

दैवयोग असा की, १७७८ मध्ये स्मिथचीच स्कॉटलंडच्या सीमाशुल्क आयुक्तपदी नेमणूक झाली. जानेवारी १७८० मध्ये विल्यम ईडन यांना लिहिलेल्या पत्रात त्याने एक अनुभव कळविला आहे. आयातीस बंदी असलेल्या वस्तूंची यादी त्याने वाचली, तेव्हा आपल्या अंगावरील गळपट्टे, कफ आणि खिशातील रुमाल यांपैकी जवळजवळ काहीच कायदेशीर नसल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याने ते सर्व जाळून टाकले आणि ईडन यांना मात्र आपल्या व पत्नीच्या कपड्यांची तपासणी करण्याचा सल्ला आपण देणार नाही, असे लिहिले. जो कायदा सीमाशुल्क आयुक्तालाही नकळत गुन्हेगार ठरवितो, तो कायदा सामान्य माणसाकडून पाळला जाईल ही अपेक्षाच व्यर्थ होय, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

या विचाराला लवकरच प्रत्यक्ष धोरणाचे रूप आले. १७८४ मध्ये धाकट्या पिटने चहावरील सुमारे ११९ टक्के शुल्क १२.५ टक्क्यांवर आणले आणि चहाच्या तस्करीचा कणा मोडला. १७८६ मध्ये ज्या विल्यम ईडन यांना स्मिथने ते पत्र लिहिले होते, त्यांनीच फ्रान्सशी व्यापारी तह केला व फ्रेंच वाइनवरील शुल्क बरेच खाली आणले. पुढे क्रांतियुद्धांमुळे हा तह निष्फळ ठरला. परंतु दर कमी करणे हा पहाऱ्यापेक्षा परिणामकारक उपाय आहे, हा धडा मात्र टिकून राहिला.

४. ग्लॅडस्टन आणि सौम्य वाइनचा पुरस्कार

१८३१ मध्ये परदेशी वाइनवरील शुल्क प्रतिगॅलन ५ शिलिंग ६ पेन्स असे समान करण्यात आले आणि मेथ्युएन तहाने दिलेली पोर्तुगालची सवलत संपुष्टात आली. खरा बदल घडला तो १८६० मध्ये. त्या वर्षी २३ जानेवारीस झालेल्या कॉब्डेन-शेव्हालिए तहानंतर अर्थमंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांनी वाइनवरील शुल्क प्रतिगॅलन ५ शिलिंग १० पेन्सवरून ३ शिलिंगांवर आणले. १८६१ पासून वाइनमधील मद्यार्काच्या प्रमाणानुसार शुल्क आकारण्याची पद्धत सुरू झाली व सौम्य वाइनवर प्रतिगॅलन केवळ १ शिलिंग राहिला. याच सुमारास किराणा दुकानदारांना बाटलीबंद वाइन विकण्याचा परवानाही सुलभ करण्यात आला.

या सुधारणेमागे मुक्त व्यापाराचे तत्त्व होते, तशी नैतिक भूमिकाही होती. सामान्य माणसाने कडक मद्याऐवजी जेवणाबरोबर सौम्य वाइन घ्यावी आणि दारूच्या गुत्त्याऐवजी घरी घ्यावी, अशी ग्लॅडस्टन यांची धारणा होती. फ्रेंच वाइनची आयात पुढील काळात कित्येक पटींनी वाढली. शुल्क हे आता परराष्ट्रीय शत्रुत्वाचे शस्त्र न राहता सामाजिक वर्तन घडविण्याचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले.

५. पर्यटकाचा उदय आणि शुल्कमुक्तीची कल्पना

इथपर्यंतच्या इतिहासात व्यापारी, तस्कर आणि राजा हे तीन घटक प्रमुख होते. आगगाडी व आगबोटीच्या प्रसाराबरोबर सुट्टीवर जाणारा सामान्य प्रवासी हा चौथा घटक पुढे आला. थॉमस कुक याने १८५५ मध्ये युरोप खंडाची पहिली सहल आयोजित केली. त्यापूर्वीचा धनिक प्रवासी वाइन पिंपाने मागवीत असे आणि व्यापाऱ्यामार्फत शुल्क भरीत असे. नवा प्रवासी मात्र स्वतःच्या हातातील पिशवीत बाटली घेऊन येऊ लागला. व्यापारी आयातीसाठी केलेले कायदे या माणसाला लावणे अव्यवहार्य होते, म्हणून प्रवाशाच्या वैयक्तिक सामानाला अल्प प्रमाणात माफी देण्याची प्रथा रूढ झाली.

विसाव्या शतकात या माफीला व्यापारी रूप आले. आयर्लंडमध्ये ब्रेंडन ओरीगन यांच्या पुढाकाराने शॅनन विमानतळावर १९४७ मध्ये शुल्कमुक्त दुकान सुरू झाले. एका देशातून निघालेला पण दुसऱ्या देशात अद्याप न पोहोचलेला प्रवासी कोणत्याच करप्रदेशात नसतो, या तर्कावर ही कल्पना आधारलेली होती.

१९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. समुदायाने १९६९ पासून सदस्य देशांतील प्रवाशांसाठी समान शुल्कमाफीचे नियम केले होते. त्याच वेळी वाइनच्या करविषयक दर्जाचा प्रश्न न्यायालयात गेला. बिअर हे देशी पेय व वाइन हे आयात पेय असताना ब्रिटन वाइनवर तुलनेने अधिक कर लावतो, अशी युरोपीय आयोगाची तक्रार होती. ब्रिटनमध्ये वाइन ही चैनीची वस्तू आहे, असा प्रतिवाद करण्यात आला. ग्राहकांच्या सवयी या स्थिर नसतात आणि करप्रणालीने त्या गोठवून ठेवू नयेत, अशी भूमिका युरोपीय न्यायालयाने घेतली व १२ जुलै १९८३ रोजी ब्रिटनविरुद्ध निर्णय दिला. १९८४ च्या अर्थसंकल्पात वाइनवरील शुल्क कमी करून बिअरवरील शुल्क वाढविण्यात आले.

६. १९९३ : संख्येकडून हेतूकडे

१ जानेवारी १९९३ रोजी युरोपची एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आली. एका सदस्य देशात कर भरून स्वतःच्या उपयोगासाठी घेतलेली वस्तू दुसऱ्या सदस्य देशात नेताना पुन्हा कर देण्याची आवश्यकता राहिली नाही. वाइनसाठी ९० लिटर आणि बिअरसाठी ११० लिटर हे आकडे केवळ मार्गदर्शक होते. नव्वद लिटर म्हणजे नेहमीच्या आकाराच्या १२० बाटल्या. या आकड्याखाली राहणारा प्रवासी निर्दोषच आणि त्यावर जाणारा दोषीच, असा नियम नव्हता. निर्णायक कसोटी होती ती हेतूची.

हे स्वातंत्र्य देताना करांचे दर मात्र समान झाले नाहीत. युरोपीय कायद्याने वाइनवरील किमान अबकारी शून्य ठेवली होती, कारण वाइन-उत्पादक देशांना अधिक दर मान्य नव्हता. परिणामी २००० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये एका बाटलीवर तीन सेंटांहूनही कमी, तर ब्रिटनमध्ये एक पौंडाहून अधिक अबकारी शुल्क होते. १९९४ मध्ये खाडीखालील बोगदा सुरू झाला आणि १९९५ मध्ये कॅलेजवळ ‘सिते यूरोप’ हे मोठे व्यापारी संकुल उभे राहिले. ब्रिटिश सुपरमार्केटांनीही तेथे शाखा काढल्या. एका दिवसात जाऊन गाडी भरून वाइन व बिअर आणण्याच्या फेऱ्या हा ब्रिटिश लोकजीवनाचा भाग झाला. लग्नसमारंभासाठी लागणारी वाइन कॅलेहून आणणे ही अनेक कुटुंबांची रीतच बनली. युरोपीय समुदायांतर्गत प्रवासासाठीची शुल्कमुक्त विक्री १९९९ च्या मध्यास बंद झाली. परंतु तफावतीचा लाभ कायम असल्याने या फेऱ्या थांबल्या नाहीत.

याची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. केंटमधील लहान दुकानदार व पबमालक यांच्या धंद्यावर आघात झाला. शिवाय ‘स्वतःच्या वापरासाठी’ म्हणून आणलेला माल मोठ्या प्रमाणात वाड्यावस्त्यांत विकला जात होता, हे नाकारता येत नाही. महसूल खात्याची चिंता निराधार नव्हती.

७. हेतूची परीक्षा कशी घ्यावी?

अधिकाऱ्यापुढील अडचण अशी की, गाडीच्या डिकीतील खोकी मोजता येतात, हेतू मोजता येत नाही. त्यामुळे चौकशी सुरू झाली : वर्षातून किती वेळा येता, पगार किती, पैसे कोणी दिले, घरी कोण कोण वाइन घेते? समाधान न झाल्यास माल जप्त होई आणि पुष्कळदा गाडीही. २००२ हे वर्ष या संदर्भात निर्णायक ठरले. फेब्रुवारीत अपील न्यायालयाने असे ठरविले की, नफ्यासाठी तस्करी करणारा आणि मूळ किमतीत नातेवाइकांसाठी माल आणणारा यांत भेद न करता सरसकट गाडी जप्त करणे हे प्रमाणाबाहेर आहे. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने, विशिष्ट व्यक्तीविषयी सबळ संशय नसताना प्रवाशांना थांबविणे आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर टाकणे हे युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याचे म्हटले. डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने यातील काही भाग बदलला. तपासणी अवैध ठरली तरी तेवढ्याने मालाची जप्ती अवैध ठरत नाही, असे त्याचे मत पडले. दरम्यान ऑक्टोबरमध्ये नियम सुधारून भेटवस्तूंचा ‘स्वतःच्या वापरात’ स्पष्ट समावेश करण्यात आला.

हेतूच्या कसोटीची मर्यादा दाखविणारा आणखी एक निर्णय २३ नोव्हेंबर २००६ रोजी युरोपीय न्यायालयाने दिला. नेदरलँडमधील एक गृहस्थ सुमारे सत्तर जणांच्या वाइनप्रेमी मंडळासाठी दरवर्षी फ्रान्समधून वाइन मागवीत. नफा काहीच नव्हता. प्रत्येकजण आपापल्या बाटल्यांचे पैसे देई. मात्र वाइन वाहतूक कंपनीमार्फत आणली जात होती. व्यापार नसला तरी प्रवाशाने स्वतः सोबत आणलेली वाइनच माफीस पात्र आहे, म्हणून नेदरलँडमध्ये शुल्क देय आहे, असे न्यायालयाने सांगितले. माफी ही बाटलीला नसून प्रवास करणाऱ्या माणसाला आहे, हे तत्त्व यातून अधोरेखित झाले.

८. पुनश्च संख्येकडे

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये येणाऱ्या प्रवाशांसाठी साध्या वाइनची शुल्कमाफी १८ लिटर, म्हणजे २४ बाटल्या, अशी निश्चित करण्यात आली. १२० बाटल्यांच्या जागी २४ बाटल्या आल्या. परंतु त्या मर्यादेत हेतूचा प्रश्न फारसा उरला नाही. मर्यादा ओलांडल्यास मात्र केवळ जादा बाटल्यांवर नव्हे, तर त्या वर्गातील सर्व मालावर शुल्क आकारण्याचा नियम आहे. निश्चिततेची ही किंमत होय. पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून मद्यार्काच्या प्रमाणानुसार शुल्क लागू झाले. ग्लॅडस्टन यांनी १८६१ मध्ये अवलंबिलेले तत्त्व दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा स्वीकारले गेले.

भारताचा या इतिहासाशी असलेला संबंध कायद्याच्या वारशाचा आहे. ब्रिटिश अमदानीतील १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याची जागा स्वतंत्र भारतात १९६२ च्या अधिनियमाने घेतली. प्रवाशाच्या प्रामाणिक वैयक्तिक सामानाला माफी देण्याचे तत्त्व त्याच्या कलम ७९ मध्ये आहे, आणि २०१६ च्या सामानविषयक नियमांनी मद्य वा वाइनची मर्यादा दोन लिटर ठरविली. भारताने हेतूऐवजी संख्येवर प्रामुख्याने भर दिला. येथे आणखी एक सीमा आहे. सीमाशुल्क हा संघसूचीचा, तर मद्य हा राज्यसूचीचा विषय आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ ला आव्हान देणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये, राज्याने मद्य बाळगण्यावर निर्बंध घालणे म्हणजे केंद्राच्या आयातविषयक अधिकारावर आक्रमण नव्हे, असे स्पष्ट केले. म्हणून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशाची बाटली सीमाशुल्काच्या दारातून सुटली तरी राज्याच्या कायद्यातून सुटतेच असे नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वाइनच्या तस्करीचे मूळ करांच्या तफावतीत आहे. १६७८ ची बंदी, अठराव्या शतकातील किनारे आणि १९९३ नंतरचे कॅले ही एकाच कारणाची तीन रूपे होत.

२) दर कमी करणे हा उपाय पहाऱ्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरल्याचे १७८४ च्या अनुभवावरून दिसते. मात्र मद्याच्या बाबतीत सार्वजनिक आरोग्याचा विचार असल्याने हा उपाय अमर्याद वापरता येत नाही.

३) हेतूवर आधारित नियम तत्त्वतः अधिक न्याय्य असला तरी त्याची अंमलबजावणी प्रवाशाच्या खाजगी जीवनाच्या चौकशीवाचून होत नाही. १७३३ मध्ये इंग्लिश जनतेने अबकारी अधिकाऱ्याच्या ज्या प्रवेशाला विरोध केला, तोच प्रवेश १९९३ नंतर गाडीच्या डिकीतून झाला.

४) संख्येवर आधारित नियम प्रवाशाला चौकशीतून मुक्त करतो, पण लग्नघरासाठी पंचवीस बाटल्या आणणारा कुटुंबप्रमुख आणि विकण्यासाठी आणणारा दलाल यांना तो एकाच मापाने मोजतो.

करपद्धतीचे मूल्यमापन सामान्यतः जमा झालेल्या रकमेवरून केले जाते. खाडीवरील वाइनचा इतिहास दुसरी कसोटी सुचवितो : जाहीर करण्यासारखे काहीही नसलेला प्रामाणिक माणूस सीमेवरील अधिकाऱ्यासमोरून निर्धास्तपणे जाऊ शकतो का? अॅडम स्मिथला आपले रुमाल जाळावे लागले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी होते. त्यानंतरच्या प्रत्येक सुधारणेचे मोल याच प्रश्नाच्या उत्तरावरून ठरवावे लागेल.